हत्ती, हरीण आणि माईची झोप

"डोळे मीट. पोचलो की हाक मारतो."

हा आवाज माईच्या कानात अजून होता. आवाज नवऱ्याचा, आणि तेव्हा तो इतका कोवळा होता की त्याच्या मिशीलाही स्वतःची खात्री नव्हती. लग्न होऊन महिना झाला नव्हता. तो लोकांच्या घरी फर्निचर पोचवायचा. त्याचा हिरवा टेम्पो, मागे दोरांनी आवळलेलं तीन दारांचं कपाट, आणि पुढे त्याच्या शेजारी ती. घाट लागला, पहिल्याच वळणाला तिच्या बाजूची जमीन संपली, आणि तिनं स्टिअरिंगवरचा त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. टेम्पो कठड्याची विचारपूस करून परत आला. मागे कपाटाचं एक दार उघडलं आणि आपटलं. तो ओरडला नाही. त्यानं गाडी कडेला घेतली, शेंगेतून दाणे काढावेत तशी तिची बोटं एकेक करून सोडवली, आणि म्हणाला, "डोळे मीट. पोचलो की हाक मारतो."

तिनं मिटले. हाक आली तेव्हा उघडले. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि म्हणत होतं, "बायको झोपली वाटतं तुमची?"

"माझी गाडीच तशी चालते," तो दोर सोडता सोडता म्हणाला. "हातात लोणी आहे."

पहिल्यांदा तो हे चेष्टेनं बोलला. दुसऱ्यांदा अर्ध्या चेष्टेनं. वर्षभरात त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला. "आमची ही टेम्पोत बसली की झोपते," तो आल्यागेल्याला सांगायचा आणि हाताचे तळवे दाखवायचा, जणू लोणी अजून तिथे लागलेलं होतं. नवऱ्याच्या अभिमानाला टाचणी लावणारी बाई ती नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माईनं डोळे झाकले आणि मूठ झाकलेलीच ठेवली.

खरी गोष्ट अशी की गाडीत माईला कधीच झोप लागली नाही. मिटल्या पापण्यांआड ती टक्क जागी असायची, पायांची बोटं चपलेत वळवून. वाट तिच्या अंगावरून जायची. डावं वळण उजव्या खांद्याला कळायचं, चढ पाठीला कळायचा, पूल आला की चाकांचा आवाज पोकळ व्हायचा. भीतीला कुठेतरी गुंतवून ठेवावं म्हणून ती मनातल्या मनात दोन-दोन ओळी जुळवायची, लहानपणी आत्या जुळवायची तशा.

*मिटले गं बाई डोळे, वाट जाते अंगावरून,*
*चाक बोलतं खड्याशी, मी ऐकते आतून.*

पुढे नवरा गेला. हिरवा टेम्पो भंगारात गेला. लोणी मात्र घरातच राहिलं.

ते आलं मुलाच्या वाट्याला. मुलगा वजनमापं तपासायच्या खात्यात होता. मखमलीच्या खोक्यात पितळी वजनं घेऊन तो बाजारभर हिंडायचा, दुकानदारांचे काटे तपासायचा, खोट निघाली की काट्याला सील ठोकायचा. बाजारात त्याला काटासाहेब म्हणत. तोंडावर आदरानं, आणि पाठीमागेही तेच, जरा निराळ्या सुरात. त्याचं एकच म्हणणं असायचं: मत नको, माप सांगा. गाडी मऊ चालते, हे झालं मत. गाडीत आई झोपली, हे झालं माप. वडिलांनी घालून दिलेलं, वर्षानुवर्षं टिकलेलं, एकदाही न चुकलेलं.

अलीकडची लाल गाडी त्यानं असंच माप घेऊन आणली होती. ती शोरूमच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत आईचे डोळे मिटले होते, कारण समोरून पाण्याचा टँकर येत होता आणि नव्या गाडीचा ब्रेक कितपत दाबल्यावर लागतो हे गाडीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. "विक्रम झाला," मुलगा म्हणाला आणि गाडी घेतली.

त्या गाडीनं घरातल्या एकेकाची पाठ मोडली. मुलानं कमरेला पट्टा बांधला. सुनेनं भिंतीला पाय लावून करायचे व्यायाम सुरू केले. नात चिमी शाळेत जाताना पाठीशी उशी घ्यायला लागली. पण गाडीला कुणी नाव ठेवलं नाही. जिच्यात माईंना झोप लागते तिच्यात दोष कसा असेल? दोष आपल्याच मणक्यांत. मग गाद्या बदलल्या, खुर्च्या बदलल्या, एक डॉक्टरही बदलला. माईची पाठ तर सगळ्यांच्या आधी गेली होती. पण गाढ झोपणाऱ्या बाईनं हादरे बसतात म्हणून सांगायचं ते कुठल्या तोंडानं?

एका चढावर लाल गाडी थांबली ती थांबलीच. तिचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते माणसाला पाठीत जाणवतं, आणि तिथे आता आराम होता.

नव्या गाडीची घाई होती ती सुनेमुळे. सून भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला झोपवायचं, तो झोपलेला आहे ना याच्यावर नजर ठेवायची, आणि काम आटोपलं की त्याला हाक मारून उठवायचं, हा तिचा रोजचा धंदा. घाटापलीकडच्या गावातल्या रुग्णालयानं तिला दर गुरुवारी बोलावलं होतं. त्याच गावात माईची धाकटी बहीण एकटी राहायची, गुडघ्यांनी जखडलेली. तेव्हा असं ठरलं की दर गुरुवारी सुनेबरोबर माईनंही जायचं, दिवसभर बहिणीपाशी बसायचं, आणि संध्याकाळी दोघींनी परत यायचं.

ठरवणाऱ्यांना ते फार सोयीचं वाटलं. माईला जाताना एक घाट आणि येताना एक घाट दिसला, किंवा दिसला नाही. उरलेल्या आयुष्यातले सगळे गुरुवार तिच्यापुढे रांगेत उभे राहिले, सगळे डोळे मिटून. त्या घाटानं ती किती वेळा गेली असेल. पण पाहिला होता तो फक्त पहिल्या वळणापर्यंत, तोही एकदाच. बहीण दर वेळी विचारायची, "वरून तळं काय दिसतं ना गं?" आणि माई म्हणायची, "काय दिसतं!"

आणखी एक गोष्ट होती, जी माई कुणाशी बोलली नव्हती. गाडी सुरू झाली की सून काहीतरी बोलायला घ्यायची. "माई, आज ना..." किंवा "माई, तुम्हाला सांगायचं राहिलं..." तेवढ्यात पहिलं वळण यायचं, माईचे डोळे मिटायचे, आणि सुनेचं वाक्य जिथल्या तिथे राहायचं. इतर माणसं झोपलेल्या माणसासमोरही बडबडत राहतात. सून गप्प व्हायची. अशी अर्धी वाक्यं माईकडे पुष्कळ साठली होती. उरलेले अर्धे तुकडे कुठे असतील, असं तिला अधूनमधून वाटायचं.

शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही उंच, दोन्ही ऐसपैस, दोन्हींत सगळं घर सामानासकट मावेल अशा. त्यांची नावं इतकी लांब आणि आकड्यांनी भरलेली होती की चिमीनं एकीला हत्ती म्हटलं आणि दुसरीला हरीण, आणि मग सगळे तेच म्हणायला लागले.

"हत्ती घ्यायचा," मुलगा जेवताना म्हणाला. "रुंद सीट. मागच्या माणसालासुद्धा पाठ मागे करता येते. खड्डा आला तर सांगावं लागतं की खड्डा आला म्हणून."

"आणि चढ आला तर उतरून ढकलावं लागतं," सून म्हणाली.

"ढकलावं वगैरे काही लागत नाही."

"मी वाचलंय. चढ बघून तो विचार करत बसतो. मला विचारवंत नकोय, गाडी हवीय. पुढे दोन ट्रक असले तर एका दमात त्यांच्या पुढे जाता आलं पाहिजे. तिकडे टेबलावर माणूस झोपायचा थांबलेला असतो."

"झोपायचा थांबलेला माणूस कुठे जातोय पळून?"

"तो नाही जात. सर्जन जातो."

"हरीण घ्या," चिमी म्हणाली. "हरणाला छतात खिडकी आहे."

"हत्तीलाही आहे."

"मग दोन्ही घ्या."

"मतं झाली सगळ्यांची," काटासाहेबांनी हात पुसले. "रविवारी माप घेऊ."

तिघांनी एकदमच माईकडे पाहिलं. माई वाटाणे सोलत होती.

"माझं काय," ती नेहमीचं वाक्य बोलली. "मी कशातही बसेन."

रविवारी सकाळी मुलानं आईचा चहा बंद ठेवला. "चहानं माप चुकतं," तो म्हणाला. "रात्री झोप किती झाली?"

"झाली नेहमीसारखी."

"नेहमीपेक्षा जास्त नाही ना? कमीही नाही?"

"अरे, मी माणूस आहे का साखरेचं पोतं?"

"पोत्याला मी इतकं विचारत नाही," मुलगा म्हणाला, आणि ते खरं होतं. मग तो चिमीकडे वळला. "आणि तू आजीशी बोलायचं नाहीस. प्रमाण वजनाला कुणी उघडा हात लावत नाही. वजन बदलतं."

शोरूम काचेचं होतं आणि आत इतकं थंड होतं की तिथल्या कुंड्यांतली झाडं सुरक्षित राहावीत म्हणून प्लॅस्टिकची ठेवली होती. तिथला माणूस टकला, गोल, आणि लग्न जुळवणाऱ्यासारखा गोड बोलणारा होता. त्यानं हत्तीच्या दारावर हलकेच थोपटलं.

"वागायला शांत. आवाज म्हणून कधी चढायचा नाही. खाणं बेताचं. आणि घराणं तर तुम्ही जाणताच."

"चढाला कशी आहे?" सुनेनं विचारलं.

माणसानं दारावरचा हात काढला. "चढाला," तो म्हणाला, "समजूतदार आहे."

मुलगा चालवायला बसला, शेजारी शोरूमचा माणूस. मागे सून, मधे चिमी, आणि डाव्या खिडकीशी, टेम्पोच्या काळापासून ठरलेल्या बाजूला, माई. गाव मागे पडलं. घाटाची पाटी आली. माईनं चपलेत बोटं वळवली आणि भीतीची वाट पाहिली.

भीती आली नाही.

माईनं आणखी थोडी वाट पाहिली. पाहुण्याला उशीर होऊ शकतो. पण पहिलं वळण आलं ते आधी सांगून, सावकाश, आणि गाडी त्यात कलली नाही. सीटनं तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं, न्हाऊ घातलेलं मूल पंच्यात गुंडाळून धरावं तसं. चाकं खाली कुठेतरी आपलं काम करत होती, वरच्या मजल्याला त्रास न देता. तिच्या बाजूची जमीन संपली. माईनं डोळे मिटायचे म्हणून पापण्या हलवल्या, आणि त्या मिटल्या नाहीत.

मग तिनं पाहिलं. कठडा काळा-पांढरा रंगवलेला होता, हे तिला माहीत नव्हतं. कठड्यावर कुणाचा तरी एकच बूट ठेवलेला होता, नीट, नाडी बांधून. खालच्या वळणावर एक माणूस चाक बदलत होता आणि त्याची बायको त्याच्या डोक्यावर छत्री धरून दुसरीकडे बघत उभी होती. आणि मग झाडं बाजूला झाली आणि तळं आलं. आयुष्यभर माईनं ते गोल धरलं होतं. ते लांबट निघालं. डोंगराच्या पायांत कुणीतरी चादर पसरून तशीच विसरावी, तसं ते पडलं होतं, आणि त्याला एका कडेनं ऊन दुमडत होतं.

"आई," आरशातून मुलाचा आवाज आला. "डोळे उघडे आहेत तुझे."

"हो."

"काही टोचतंय का?"

"नाही रे."

"गार लागतंय? पाय आखडलेत?"

"छान आहे सगळं."

"मग झोपत का नाहीस?"

याला माईकडे उत्तर होतं, पण ती तळं बघण्यात होती. शोरूमच्या माणसाला परिस्थिती पुरती कळली नसली तरी हातचं गिऱ्हाईक निसटतंय एवढं कळलं. तो मागे वळला. "आजी, सीटला मालीशही आहे हं," असं म्हणून त्यानं कसलंसं बटण दाबलं. माईच्या पाठीमागे कुणीतरी कणीक मळायला घेतली.

"अगं बाई!" माई म्हणाली.

"बाबा, डोळे मोठे झाले," चिमीनं खबर दिली.

हत्ती शोरूमला परत आला. हत्तीवर मुलाचा जीव जडला होता. गाडीतून उतरल्यावर त्यानं तिच्या बोनेटवर एकदा हात ठेवला, पाठवणीच्या वेळी ठेवावा तसा. पण माप ते माप.

हरीण चालवायला सून बसली, मुलगा मागे आईशेजारी. सुनेनं पाय ठेवला मात्र, फाटक मागे गेलं, आणि माईच्या पापण्या आपोआप खाली आल्या. हरीण चढाला लागलं तेव्हा तिचं पोट मागच्याच वळणावर राहिलं. पुढे एक ट्रक होता, मग तो मागे होता, आणि मधे काय घडलं ते फक्त माईच्या बोटांना माहीत होतं. तिनं दोन ओळी जुळवायला घेतल्या, पण पहिली ओळ पुरी व्हायच्या आत तिसरं वळण येऊन गेलं.

"झोपली," चिमी कुजबुजली.

"बघतोय," मुलगा म्हणाला. प्रामाणिक माणसाचा पराभव त्याच्या आवाजात होता. "पहिल्या वळणाच्याही आधी. लाल गाडीपेक्षा लवकर."

"बघा साहेब!" शोरूमचा माणूस फुलला. "पळायला वारा, आणि बसायला झोपाळा. मॅडम, अजून दाबा ना, अजून आहे तिच्यात."

त्याच वेळी माईनं एक पापणी केसभर उचलली. समोरच्या आरशात सुनेचे डोळे होते आणि ते थेट तिच्याकडे बघत होते. क्षणभरच. मग हरणाची चाल उतरली, वळणं लांब झाली, मागचा ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

"नको," सून म्हणाली. "माई झोपल्यात."

आवाज सपाट होता. टेबलावरच्या माणसाशेजारी ती अशीच बोलत असावी.

शोरूममध्ये परत आल्यावर त्यांना काचेच्या टेबलाशी बसवलं. माईला आता चहा मिळाला. शोरूमच्या माणसानं रंगांचे नमुने पंख्यासारखे पसरले आणि मुलासमोर पेन ठेवलं.

"मला हत्ती आवडला होता," मुलगा म्हणाला. त्याला हे सांगून टाकायचं होतं. "पण आवडण्याला वजन नसतं. हरीण घेऊ. माप हरणाचं आहे."

"अभिनंदन," टकला माणूस म्हणाला. "रंग?"

माई चहाकडे बघत होती. चहा हलत नव्हता, तरी तिला तो हलताना दिसत होता. दर गुरुवारी, जाताना आणि येताना. तिच्या कानात तो कोवळा आवाज आला. डोळे मीट, पोचलो की हाक मारतो. तो आवाज तिनं जन्मभर ऐकला होता, पण आज त्याचा दुसरा अर्धा भाग तिला नीट ऐकू आला. हाक मारणारा जाऊन किती वर्षं झाली. आता हाक कोण मारणार? आपले डोळे आता आपणच उघडायचे.

"थांब रे," ती म्हणाली. "मी झोपले नव्हते."

मुलानं पेन तसंच धरलं. "आत्ता?"

"आत्ता."

"बरं, आत्ता नव्हतीस. लाल गाडीत?"

"लाल गाडीत मी देवाला हाका मारत होते."

"म्हणजे..." मुलाचा दुसरा हात नकळत कमरेच्या पट्ट्याकडे गेला. चिमीनं विचारलं, "म्हणजे माझी उशी?" मुलानं आवाज खाली आणला. "आणि बाबांच्या टेम्पोत?"

माईनं कप बशीत ठेवला. हे तिला जड होतं.

"तेच म्हणाले होते, डोळे मीट. मला दरीची भीती वाटायची. मी मिटायचे. मग ते म्हणायला लागले, माझ्या हातात लोणी आहे. मी काय सांगणार होते? माणूस दिवसभर लोकांची कपाटं उचलायचा. त्याच्याजवळ तेवढंच एक मऊ होतं."

शोरूमच्या माणसानं रंगांचा पंखा हळूच मिटला. अशा प्रसंगी काय करायचं ते त्याला शिकवलेलं नव्हतं. मुलगा समोर बघत होता. आयुष्यभर वापरलेल्या वजनात खोट निघाली तर माणूस असाच बघत असेल. मग त्याच्या कपाळावरची एकेक आठी सुटत गेली.

"उलटा काटा," तो म्हणाला.

"काय?"

"काटा खोटा नव्हता. उलटा होता. उलट्या काट्यावरही माप येतं, फक्त वाचायचं उलटं." तो सरसावून बसला. "आई, हत्तीत तुझे डोळे उघडे होते."

"होते."

"कितपत?"

माईनं विचार केला. "तळं लांबट आहे," ती म्हणाली.

"हत्ती," काटासाहेब म्हणाले, आणि सही केली.

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माईकडे. तिचं हरीण गेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे. मी जरा लवकर निघत जाईन."

पहिल्या गुरुवारी हत्ती दारात उभा होता. सुनेनं मागचं डावं दार उघडून धरलं.

"मी पुढे बसते," माई म्हणाली.

सून थबकली. मग तिनं पुढच्या सीटवरची आपली पिशवी, कोट आणि डबा उचलून मागे ठेवला, जिथे माई बसायची तिथे.

गाव संपलं, घाटाची पाटी आली. वर जाताना त्यांच्यापुढे सिमेंटच्या पोत्यांचा एक ट्रक होता. सुनेनं पाय दाबला. हत्तीनं विचार केला.

"चढाला ही गाडी सासरी निघाल्यासारखी चालते," सून म्हणाली.

"आणि उताराला?"

"उताराला माहेरी."

माईला हसू आलं. ती हसली आणि आपलंच हसू ऐकून दचकली. गाडीत ती कधी हसली नव्हती. बाहेर कठडा चालला होता, काळा-पांढरा, काळा-पांढरा. त्या एका बुटाची जागा रिकामी होती. कुणीतरी येऊन घेऊन गेलं होतं. तिनं दोन ओळी जुळवून पाहिल्या, पण जुळेनात. डोळे उघडे असले की ओळी सुचत नाहीत, असं तिच्या ध्यानात आलं. सगळा वेळ बघण्यातच जातो.

तळं दिसायला अजून दोन-तीन वळणं होती. माईनं समोर बघतच विचारलं, "एक विचारू का गं?"

"विचारा ना."

"तू रोज माणसं झोपवतेस. माझं सोंग तुला कधी कळलं नाही?"

सून ट्रककडे बघत होती. "कळलं होतं."

"केव्हा?"

"लग्नानंतर पहिल्यांदा तुम्हाला गाडीतून घेऊन निघाले, तेव्हाच. झोपलेल्या माणसाचा जबडा सैल पडतो, माई. आणि मांडीवरची पिशवी तो इतकी आवळून धरत नाही."

माईनं मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. आज ती सैल होती.

"मग बोलली का नाहीस? परवा तर तुला हरीण हवं होतं, ते समजू शकते मी. पण त्याच्या आधी? तुझी स्वतःची पाठ गेली त्या लाल गाडीत."

"हरणाचा काही संबंध नाही, माई. मी..."

वाक्य तिथे थांबलं. ही जागा दोघींनाही पाठ होती. इथेच वळण यायचं, इथेच पापण्या खाली यायच्या. वळण आलंही. माईच्या बाजूची जमीन संपली, आणि माई डोळे सताड उघडे ठेवून सुनेकडे बघत राहिली.

पुढच्या ट्रकनं कडेला होऊन हात दाखवला, जा म्हणून. रस्ता मोकळा होता. सून गेली नाही. ती ट्रकच्या मागे, त्याच्याच चालीनं चालत राहिली.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसतं, म्हणून तुम्ही डोळे मिटता. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं."